अंगावरचे पुरळ आणि गुप्तरोगाची धास्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन दिवसांपूर्वी संबंध आला आणि आज जांघेत लाल चट्टे दिसले. काही लागण झाली असेल का?

आधी दिवस मोजा. लैंगिक संबंधातून येणारा प्रत्येक आजार दिसायला आपापला वेळ घेतो. जननांगावरची हर्पिस साधारण २ ते १२ दिवसांत उठते. गरमीची, म्हणजे सिफिलिसची पहिली जखम १० ते ९० दिवसांत कधीही येते, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. खरूज आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर खाज सुटायला २ ते ६ आठवडे लागतात. एचआयव्हीच्या सुरुवातीच्या तापात अंगावर पुरळ आलेच तर २ ते ४ आठवड्यांनी येते. जननांगावरची चामखीळ कित्येक महिन्यांनी उगवते.

त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उठलेल्या लालीमागे बहुतेक वेळा घर्षण, दाढीच्या ब्लेडने काढलेले केस, कंडोमचे रबर, सुगंधी वंगण किंवा भीतीपोटी चोळलेले जंतुनाशक असते. हे शेवटचे कारण फारच नेहमीचे आहे. धास्तावलेला माणूस घरातले जंतुनाशक पाणी न मिसळता अंगाला लावतो, कातडी भाजल्यासारखी होते आणि मग त्या भाजण्यालाच रोग समजतो. जननांगाला साधे पाणी पुरते. अंडकोशाची कातडी शरीरातल्या सर्वांत पातळ कातडीपैकी आहे, हातापायाला चालते ते तिला चालत नाही.

खूप खाज सुटते. म्हणजे नक्की गुप्तरोगच ना?

उलट आहे. खरूज आणि जघनातल्या उवा सोडल्या तर लैंगिक आजारांचे पुरळ सहसा फारसे खाजत नाही. खाजणाऱ्या चट्ट्यामागे बहुतेकदा नायटा, इसब, घामोळे किंवा बुरशी निघते. जास्त संशय घ्यायचा तो न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या गोष्टीचा : शिश्नावर किंवा योनीच्या ओठावर आलेली एकच कडक कडांची जखम, तळहात-तळपायावरचे तांबूस डाग, जांघेत आलेले न दुखणारे अवधाण. माणसे खाजेला घाबरून रात्रभर जागतात आणि न दुखणारी जखम 'बरी होतेय' म्हणून सोडून देतात. गरमी पसरते ती या सवयीवरच.

परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया या दोन अगदी नेहमीच्या आजारांत तर कातडीवर सहसा काहीच उठत नाही. लघवीच्या जागी पू, जळजळ, बायकांत अंगावरून जाणे किंवा ओटीपोटात दुखणे ही त्यांची लक्षणे, आणि बऱ्याच जणांना, विशेषतः बायकांना, यातले एकही नसते. त्यामुळे 'कातडी स्वच्छ आहे, म्हणजे मी सुटलो' हा हिशेबही चुकतो.

जांघेत गोल, कडेने लाल आणि मधे बरे झालेले चट्टे आहेत. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत जातात, आठवड्याने परत येतात. असे का?

हा नायटा, म्हणजे गजकर्ण. बुरशीचा आजार. पावसाळ्यात ओल्या अंतर्वस्त्रांमुळे, घट्ट जीन्समुळे, घामामुळे तो जांघ, नितंब आणि कमरेवर पसरतो. घरात एकाच्या टॉवेलने चौघांना होतो. जोडीदाराच्या अंगाला अंग लागूनही होतो, पण म्हणून तो गुप्तरोग ठरत नाही.

परत येण्याचे कारण त्या ट्यूबमध्येच आहे. दुकानदार देतो ते बहुधा 'थ्री-इन-वन' मलम असते : बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि वर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे जोरदार स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही तिथे दबते आणि बुरशी आतल्या आत निवांत वाढते. मलम थांबवले की दुप्पट जोमाने वर येते. चट्ट्याचा गोल आकार मोडतो, कड पुसट होते, मग अनुभवी डॉक्टरलाही नुसत्या नजरेने ओळखू येत नाही. महिनोन्महिने लावत राहिले तर जांघेची कातडी पातळ होऊन तिथे पांढरट-जांभळ्या चिरा पडतात, आणि त्या कायमच्या राहतात. ट्यूबवरचे घटक वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसले तर एकदा विचारून घ्या. क्लोट्रिमॅझोल, केटोकोनॅझोलसारखी 'झोल'वाली नावे बुरशीनाशकांची, ती वेगळी.

निदान सोपे आहे. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे लगेच दिसतात. नुसते बुरशीनाशक मलम (ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन वगैरे) चट्ट्यावर आणि कडेच्या बाहेर दोन बोटे रुंद जागेत लावायचे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचे. पसरलेल्या नायट्याला इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिनच्या गोळ्या लागतात, त्या काही आठवडे चालतात आणि डॉक्टरनेच ठरवायच्या, कारण यकृताचा आजार आणि चालू असलेली इतर औषधे आधी बघावी लागतात. अंतर्वस्त्रे वेगळी धुवा, कडक उन्हात उलटी वाळवा, पावसाळ्यात आतून इस्त्री करा. करगोटा बांधत असाल तर तो काही काळ सोडा. त्याच्या ओलसर दोऱ्याखाली चट्टा हमखास टिकून राहतो.

रात्री अंथरुणात पडले की खाज सुरू होते. घरात इतरांनाही आहे. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या आहेत, लिंगावरही गाठी आल्यात.

ही खरूज. बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबी, बायकांत स्तनाग्रांभोवती, पुरुषांत शिश्न आणि अंडकोश या तिच्या ठरलेल्या जागा. मोठ्या माणसाच्या शिश्नावर खाजणाऱ्या लालसर गाठी असतील तर बेचक्या बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये. लैंगिक संबंधातून खरूज होते, तशी एका अंथरुणात झोपण्यानेही होते. वसतिगृहात ती खोलीभर फिरते. जोडीदाराला खरूज झाली एवढ्यावरून त्याच्या वागणुकीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

उपचार फसतो तो लावण्याच्या पद्धतीत. परमेथ्रिन ५ टक्के मलम रात्री, कोरड्या अंगाला, मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावायचे : नखांखाली, बेंबीत, नितंबांच्या फटीत, जननांगावर, तळव्यांवर. नुसते खाजते तिथे लावून भागत नाही. एका मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. ८ ते १४ तास ठेवून सकाळी आंघोळ. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. लहान बाळाला डोक्याला आणि चेहऱ्यालाही (डोळे-तोंड सोडून) लावतात, पण ते डॉक्टरला विचारून. साधारण आठवड्याने हे सगळे पुन्हा एकदा.

घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचे, खाज असो वा नसो. 'मला काही नाही' म्हणणाऱ्या एका काकांमुळे अख्ख्या घराला महिनाभराने पुन्हा सुरुवात करावी लागते. सकाळी अंथरूण-पांघरूण, टॉवेल, गेल्या तीन दिवसांतले कपडे गरम पाण्यात धुवा. धुता न येणारे (गोधडी, ब्लँकेट) प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून किमान तीन दिवस ठेवा, माणसाच्या अंगाशिवाय किडा त्याहून जास्त सहसा जगत नाही.

उपचारानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहते. मेलेल्या किड्यांची ती प्रतिक्रिया असते. या काळात घाबरून रोज परमेथ्रिन लावणाऱ्यांची कातडी कोरडी पडून नवे इसब सुरू होते. शिश्नावरच्या गाठी त्याहून जास्त, कधी कधी काही महिने टिकतात.

गरमी ओळखायची कशी? आणि जखम आपोआप बरी झाली तर?

जखम बरी होते, आजार नाही. पहिली जखम साधारण एकच असते, न दुखणारी, तळ स्वच्छ, हाताला लागेल इतकी कडक. ती शिश्नावर येते, तशी गुदद्वारापाशी, ओठावर, तोंडात आणि बायकांत गर्भाशयाच्या मुखावरही येते. तिथली कोणाला दिसणार? ३ ते ६ आठवड्यांत औषधाशिवाय भरून येते. त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरी अवस्था : अंगभर तांबूस, न खाजणारे डाग, तळहात-तळपायांवर खास करून. तोंडात पांढुरके पट्टे. केस कसर लागल्यासारखे जागोजाग गळतात. गुदद्वार आणि जांघेत ओलसर, चपटे मोड येतात, त्यांना लोक मूळव्याध समजून मलम लावतात. बारीक ताप, घसा धरणे. हेही आपोआप जाते, आणि आजार वर्षानुवर्षे आत राहून हृदय, मेंदू, डोळे, कान यांना धरू शकतो.

गंमत अशी, की इतक्या जुन्या आणि भयंकर समजल्या जाणाऱ्या आजारावर अजूनही जुनेच, स्वस्त औषध चालते. सुरुवातीच्या गरमीला बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, एकदाच. ते घट्ट असते म्हणून दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख विभागून देतात. लागण एक वर्षाहून जुनी किंवा कधीची ते माहीत नसेल तर हीच मात्रा दर आठवड्याला एकदा, अशी तीन आठवडे. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर डॉक्सिसायक्लिन, पण गर्भवतीला पेनिसिलिनच द्यावे लागते. इंजेक्शननंतर पहिल्या २४ तासांत थंडी-ताप, डोकेदुखी, पुरळ वाढल्यासारखे वाटणे हे जंतू एकदम मेल्यामुळे होते. दुसऱ्या दिवशी ओसरते. याला औषधाची ॲलर्जी समजून पुढची इंजेक्शने सोडू नका. श्वास लागणे, ओठ-चेहरा सुजणे ही मात्र ॲलर्जी. ती बहुधा काही मिनिटांतच कळते, म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसा.

व्हीडीआरएल चाचणी 'रिॲक्टिव्ह १:२' आली. आयुष्य संपले का?

नाही. व्हीडीआरएल आणि आरपीआर या चाचण्या गरमीच्या जंतूला थेट शोधत नाहीत. त्या शरीरातल्या एका प्रतिक्रियेचे मोजमाप करतात, आणि ती प्रतिक्रिया गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, म्हातारपण यांतही थोडी उठू शकते. म्हणून जोडीला टीपीएचए करतात, ती खास गरमीच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे बघते. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर गरमी आहे किंवा कधीतरी होऊन गेली. नुसती व्हीडीआरएल कमी प्रमाणात पॉझिटिव्ह आणि टीपीएचए निगेटिव्ह, तर बहुधा खोटा इशारा. काही आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करतात.

१:२, १:८, १:३२ हे आकडे 'रक्त किती पातळ करेपर्यंत प्रतिक्रिया दिसली' ते सांगतात. उपचारानंतर हा आकडा चौपटीने खाली यायला हवा, १:३२ चा १:८ किंवा त्याहून कमी. त्यासाठी ६ आणि १२ महिन्यांनी चाचणी करा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. एका लॅबचे १:८ दुसरीत १:४ येऊ शकते, त्यावर काही ठरत नाही.

टीपीएचए मात्र एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते, आजार पूर्ण बरा झाला तरी. आखातात नोकरीला जाणाऱ्यांना हे माहीत हवे, कारण तिथल्या व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत गरमीची चाचणी असते. इंजेक्शनची तारीख, मात्रा, डॉक्टरची सही-शिक्का आणि आधीचे-नंतरचे व्हीडीआरएलचे आकडे असलेला कागद जपून ठेवा. तो नसेल तर 'जुनी, बरी झालेली' हे पटवणे अवघड जाते.

नागीण म्हणजेच हर्पिस ना? मग नवऱ्याला नागीण झाली म्हणजे...?

नाही, आणि या एका शब्दामुळे अनेक घरांत विनाकारण भांडणे होतात. नागीण ही हर्पिस झोस्टर. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो आणि वर्षांनी जागा होतो. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, आधी ठणका मग फोड. तिचा लैंगिक संबंधाशी काही संबंध नाही. दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो, हेही खरे नाही. चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या माणसात ती मध्यरेषा सहसा ओलांडतच नाही. फोड उठल्यापासून ७२ तासांत गोळ्या सुरू केल्या तर फायदा जास्त, म्हणून उतरवणाऱ्याकडे जाण्यात ते तीन दिवस घालवू नका. तरुण वयात, काही कारण नसताना नागीण आली तर डॉक्टर एचआयव्हीची चाचणी सुचवतात. ती फक्त खबरदारी असते.

जननांगावरची हर्पिस वेगळी, हर्पिस सिम्प्लेक्स. आधी चुरचुर, मग द्राक्षाच्या घोसासारखे बारीक फोड, ते फुटून दुखऱ्या उथळ जखमा, पहिल्या वेळी ताप आणि जांघेत दुखरे अवधाण. ओठावर 'ताप बाहेर पडला' म्हणतो ते फोडही याच कुळातले, मुखमैथुनातून खाली जाऊ शकतात. त्यामुळे ही लागण अनेक वर्षांपूर्वीची असू शकते आणि आज पहिल्यांदा उठू शकते. कोणी कोणाला कधी दिली हे ठरवण्याचा मार्ग बहुधा नसतो.

चाचणी करायची तर ताज्या फोडातल्या पाण्याची, पीसीआर. रक्तातली हर्पिस आयजीएम तपासणी पॅकेजमध्ये सर्रास असते, पण तिच्यावरून नवी-जुनी लागण ठरत नाही आणि ती खोटी पॉझिटिव्हही येते. लक्षणे नसताना करू नका. विषाणू कायमचा जात नाही, पण ॲसायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस, हे पहिल्या वेळी नीट काम करते. वर्षातून बऱ्याचदा उठत असेल तर रोजची कमी मात्रा काही महिने देतात.

शिश्नाच्या टोकाला एकच गोल, जांभळट-काळा चट्टा येतो, आग होते, सोलपटतो, डाग राहतो. दरवेळी नेमका त्याच जागी. संबंध आलेलाच नसतो.

आठवा, आदल्या दिवशी कोणती गोळी घेतली होती. हा औषधाचा ठरावीक जागी उठणारा चट्टा आहे. आपल्याकडे जुलाबावर मिळणाऱ्या नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोल किंवा ऑर्निडॅझोलच्या जोडगोळ्या, सल्फाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन आणि वेदनाशामके ही त्याची नेहमीची कारणे. गोळी पोटात गेल्यावर काही तासांपासून दिवस-दोन दिवसांत त्याच जुन्या जागेवर चट्टा पुन्हा पेटतो. ओठांवरही येतो. आणि मग लोक 'गुप्तरोग' म्हणून जी प्रतिजैविके घेतात, त्यांत कधी कधी तेच औषध असते. गुन्हेगार सापडला की नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा, पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवा. पुन्हा पुन्हा तेच औषध घेत राहिल्यास चट्टे वाढत जातात.

शिश्नमुंडाच्या कडेला बारीक मोत्यांसारखी रांग आहे. अंडकोशावर पिवळसर कण आहेत.

हे नैसर्गिक, निरुपद्रवी, संसर्गजन्य नाही. बायकांच्या योनीच्या आतल्या ओठांवरही असे मऊ, सारखे, ओळीतले दाणे असतात. फोडू नका, जाळू नका. यावर पैसे घेऊन 'मस्से काढणारे' भेटतील, त्यांच्या दारातही जाऊ नका.

मग खरी चामखीळ कशी असते?

कोबीच्या फुलासारखी खडबडीत, विषम आकाराची, एकाची चार होणारी. एचपीव्ही विषाणूमुळे येते. लागण आणि चामखीळ यांत महिने जाऊ शकतात, म्हणून सध्याच्या जोडीदारावर लगेच बोट दाखवू नये. घोड्याचा केस किंवा दोरा बांधून तोडणे, चुना लावणे यांनी जखम होते आणि विषाणू आजूबाजूला पसरतो. डॉक्टर गोठवतात, विद्युत उपकरणाने जाळतात किंवा पोडोफायलिनसारखा द्रव लावतात. तो द्रव गरोदरपणी चालत नाही, पाळी चुकली असेल तर आधी सांगा. काढल्यावर पहिल्या काही महिन्यांत परत उगवणे सामान्य आहे. चामखीळ करणारे प्रकार आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारे प्रकार सहसा वेगळे असतात, तरी बाईने गर्भाशयमुखाची तपासणी वेळच्या वेळी करावी. लस ९ ते १४ वयात दोन डोसांत, १५ नंतर तीन डोसांत देतात.

मोत्यासारखी, मधे खळगा असलेली गुळगुळीत पुळी ही मोलस्कम. मुलांच्या चेहऱ्या-हातापायांवर ती खेळताना, टॉवेलमधून येते. तिथे लैंगिक अर्थ काढू नका.

शिश्नमुंड लाल, त्यावर पांढरा थर, कातडीला बारीक चिरा पडतात आणि मागे घेताना दुखते.

बुरशीचा (कॅन्डिडा) दाह. वारंवार होत असेल तर आधी रक्तातली साखर आणि एचबीए१सी तपासा. मधुमेहाचे निदान अशा चिरांवरून होणारे लोक कमी नाहीत. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) हा त्रास वाढतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरला सांगा. बायकांत हाच प्रकार दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज म्हणून दिसतो.

अंगावर पुरळ आले आणि ताप आहे. एचआयव्ही असेल का?

पुरळावरून एचआयव्ही ओळखता येत नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया, गोवर, औषधाची ॲलर्जी, अगदी साधा विषाणूजन्य तापही असेच पुरळ आणतो. पावसाळ्यात ताप आणि पुरळ दिसले तर आधी प्लेटलेट बघा.

एचआयव्हीचे उत्तर फक्त रक्तात आहे आणि तेही योग्य दिवशी. विषाणूचा अंश (प्रतिजन) आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे दोन्ही बघणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळा चाचणी ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली तर ते उत्तर पक्के धरतात. फक्त प्रतिपिंड बघणाऱ्या झटपट चाचणीला ९० दिवस लागतात. दहाव्या दिवशीची निगेटिव्ह चाचणी म्हणजे संबंधाच्या आधी तुम्ही निगेटिव्ह होता, इतकेच.

धोक्याचा संबंध येऊन ७२ तास झाले नसतील तर हे वाचत बसू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या) जा आणि 'पेप', म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीचे औषध, मागा. जितक्या लवकर सुरू कराल तितके चांगले, आणि पूर्ण २८ दिवस घ्यावे लागते.

गरमीची चाचणी कधी करायची?

जखम दिसत असेल तर आज. पण जखमेच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत व्हीडीआरएल निगेटिव्ह असू शकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. काहीच दिसत नसेल तर संबंधानंतर ६ आठवड्यांनी एक आणि ९० दिवसांनी शेवटची. परमा-क्लॅमिडियासाठी साधारण दोन आठवड्यांनी लघवीची नॅट चाचणी (जंतूची जनुके शोधणारी). त्याआधी दोन तास लघवी करू नका आणि पहिली धार द्या. आपल्याला सवय मधल्या धारेची असते, इथे उलटे असते. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ०, १, ६ महिन्यांची घेऊन टाका.

गरोदर आहे आणि अंगावर डाग आहेत.

त्वचेचे मलम घेण्याआधी व्हीडीआरएल आणि एचआयव्ही झाल्या आहेत का ते कार्डावर बघा. आईची गरमी उपचाराशिवाय राहिली तर गर्भपात, मृत बाळ किंवा जन्मतः आजारी बाळ होऊ शकते, आणि वेळेवर दिलेले पेनिसिलिन हे टाळते. पोटावर, स्ट्रेच मार्क्सवर शेवटच्या महिन्यांत उठणारे खाजरे पुरळ मात्र गरोदरपणाचेच असते. पुरळ नसताना नुसती खाज, तीही तळहात-तळव्यांना आणि रात्री जास्त, असेल तर यकृताची तपासणी करून घ्या.

कोणाकडे जायचे? स्टेशनजवळच्या भिंतीवर 'गुप्तरोग शर्तिया इलाज' लिहिलेले असते.

तिथे नाही. भारतात त्वचारोगतज्ज्ञाच्या पदवीतच त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे तिन्ही विषय येतात, म्हणजे नेहमीचा स्किनचा डॉक्टर हाच तुमचा डॉक्टर. सरकारी जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असते, तपासणी आणि औषधे मोफत. औषधे रंगांनुसार पाकिटांत बांधलेली मिळतात. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. बाई रुग्णाला स्त्री डॉक्टर किंवा तपासताना सोबत परिचारिका मागण्याचा हक्क आहे.

जाण्याआधी जखमेवर काही लावू नका, केस काढू नका, उरलेली ॲझिथ्रोमायसिन खाऊ नका. अर्धवट प्रतिजैविकाने चाचणी निगेटिव्ह येते आणि आजार तसाच राहतो. पुरळ येत-जात असेल तर उजेडात फोटो काढून ठेवा. गेल्या महिनाभरातल्या सगळ्या गोळ्या-मलमांची पाकिटे पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक पुड्यांसकट. संबंध कधी, कोणत्या प्रकारचा, कंडोम होता की नाही, हे खरे सांगा. तोंड आणि गुदद्वार तपासायचे की नाही हे त्यावरच ठरते.

जोडीदाराला सांगायलाच हवे का?

गरमी, परमा, क्लॅमिडिया आणि खरूज यांत होय, कारण एकट्याने औषध घेतले तर आजार परत तुमच्याकडेच येतो. पहिल्या जखमेच्या गरमीत किमान गेल्या ९० दिवसांतल्या जोडीदारांना चाचणी निगेटिव्ह असली तरी औषध देतात. दोघांचे औषध पूर्ण झाल्यावर किमान ७ दिवस, आणि जखम असेल तर ती पूर्ण भरेपर्यंत संबंध नको. बोलणे जमत नसेल तर समुपदेशकाला मधे घ्या, सुरक्षा क्लिनिकमध्ये तो असतो.

सार्वजनिक संडासातून, न्हाव्याकडून, लोकलच्या गर्दीतून होते का?

संडासाच्या सीटवरून गरमी, परमा, एचआयव्ही होत नाही. टॉवेल आणि अंतर्वस्त्रांतून नायटा आणि क्वचित खरूज होते. न्हाव्याकडे ब्लेड नवे असावे. कंडोम एचआयव्ही आणि परम्यापासून चांगले वाचवतो. पण हर्पिस, चामखीळ आणि गरमी जिथे कंडोम झाकत नाही त्या जांघ-अंडकोशाच्या कातडीवरूनही लागू शकतात.

सगळ्या चाचण्या योग्य दिवशी निगेटिव्ह आल्या. तरी रोज आरशात बघतो, नवा ठिपका सापडतो.

तुम्ही नुसता ठिपका बघत नाही, तो दिवसातून दहादा दाबून, ओढून, चोळून लाल करत आहात. आठवडाभर आरसा आणि मोबाइलचा टॉर्च बंद. नवी चाचणी तोवर करू नका, जोवर नवा संबंध किंवा खरी जखम नाही. अपराधीपणाची बोच, झोप उडणे, 'धातू जातेय' अशी भीती सोबत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते त्वचेच्या दहाव्या मलमाहून स्वस्त पडतात.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

नवी गोळी सुरू केल्यावर पुरळासोबत डोळे लाल, तोंडात आणि जननांगावर फोड, कातडी सोलपटणे. मागे घेतलेली कातडी पुढे येत नाही आणि टोक सुजते. अंडकोश अचानक दुखतो : तरुण मुलात हा पीळ असू शकतो, आणि सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वाचवण्याची शक्यता सर्वांत जास्त. फोडांसोबत लघवी अडते. पुरळासोबत नजर अंधुक होते किंवा ऐकू कमी येते. यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका.